आळ आला असतां

(नभोवाणीवरील भाषण)

भाद्रपद शुद्ध चतुर्थीच्या रात्रीं चंद्राकडे पाहूं नये, पाहिल्यास चोरीचा आळ येतो, ही समजूत महाराष्ट्रांत घरोघरीं आहे. आणि चुकून नजर गेलीच तर स्यमंतक मण्याची कथा ऐकावी, म्हणजे दोष जातो, असेंहि वडील माणसें सांगतात. ही कथा बहुतेकांना ठाऊक असते, पण तींतील एका गोष्टीकडे सहसा लक्ष जात नाहीं. सत्राजिताचा भाऊ प्रसेन गळ्यांत मणी घालून शिकारीस गेला व परत आला नाहीं, तेव्हां ‘मण्यासाठीं कृष्णानेंच त्याला मारलें असेल’ अशी कुजबूज द्वारकेंत सुरू झाली. श्रीकृष्ण त्यावर सत्राजिताशीं भांडला नाहीं, किंवा ‘माझ्यासारख्यावर असा संशय!’ म्हणून रुसूनहि बसला नाहीं. त्यानें गांवचे नागरिक बरोबर घेतले व प्रसेनाचा माग काढीत तो अरण्यांत शिरला. मेलेला प्रसेन व त्याचा घोडा, पुढें मेलेला सिंह, त्यापुढें अस्वलाची गुहा, असा तो माग त्या नागरिकांनीं आपल्या डोळ्यांनीं पाहिला. गुहेंत जांबवंताशीं 28 दिवस युद्ध झालें, असें भागवतांत आहे. मणी मिळाल्यावर कृष्णानें सत्राजिताला सभेंत बोलावलें, मणी कोठें व कसा मिळाला तें सर्वांदेखत सांगितलें, आणि ज्याचा त्याला देऊन टाकला.

प्रत्यक्ष अवतारी पुरुषाला जर नुसत्या शब्दावर सुटतां आलें नाहीं, तर ज्याची उपजीविकाच रोज शेंकडों अनोळखी हातांतून पैसे घेण्यादेण्यावर चालते, त्या पेढीवरच्या रोखपालाची, दुकानांतील नोकराची किंवा बसच्या वाहकाची कथा काय सांगावी! महाराष्ट्रांत सरकारी प्रवासी वाहतुकीची पहिली गाडी 1 जून 1948 रोजीं पुण्याहून त्या वेळच्या अहमदनगरला गेली. पुढें पत्र्याच्या पेटींतलीं तिकिटें आणि तीं टोंचण्याचा चिमटा जाऊन यंत्र आलें. परंतु वाहकाच्या खांद्यावरची चामडी पिशवी आणि सुट्या पैशांवरून होणारी हुज्जत, या दोन गोष्टी गाडीबरोबर अजून फिरत आहेत.

एक नेहमींचा प्रसंग डोळ्यांपुढें आणावा. बाजारचा दिवस, गाडी खचाखच भरलेली. नीटनेटक्या पोशाखाच्या एका गृहस्थांनीं 85 रुपयांचें तिकीट घेतलें, नोट दिली. वाहकानें 115 रुपये परत केले आणि तो पुढें सरकला. दोन थांबे गेल्यावर मागून हांक आली.

‘अहो मास्तर, मीं पांचशेंची नोट दिली होती. तीनशें कमी आले.’

‘साहेब, नोट दोनशेंची होती.’

‘म्हणजे मी खोटें बोलतों?’

गाडीला वेळ घालवायला विषय मिळाला. एकजण म्हणाला, ‘हे लोक असेच.’ दुसरा वाहकाच्या बाजूचा होता, पण त्याची मदत विरोधापेक्षां वाईट. कारण तो म्हणाला, ‘देऊन टाका हो मास्तर, कशाला वाढवतां? तीनशें रुपयांनीं काय होणार आहे!’

या सल्ल्यांत फार मोठा मोह आहे. दिवसभर उभें राहून शिणलेल्या माणसाला वाटतें, गेले तीनशें तर गेले, निदान ही कटकट तरी मिटेल. परंतु पैसे हातावर ठेवतांच साऱ्या गाडीच्या दृष्टीनें निकाल लागतो, कीं घेतले होते म्हणूनच दिले. उद्यां त्या गृहस्थांनीं वरिष्ठांकडे पत्र लिहिलें तर त्यांत पहिलें वाक्य हेंच असणार कीं, वाहकानें चूक कबूल करून पैसे परत केले. शांततेसाठीं दिलेली रक्कम कागदावर कबुली म्हणून उतरते. दुसरा मोह संतापाचा. लबाड मनुष्य आरोपाची वाट पाहत असतो, म्हणून तो सावध असतो. निर्दोष मनुष्य बेसावध असतो, म्हणून तो उसळतो. ‘तुमच्यासारखे पुष्कळ पाहिले’ एवढेंच एकदां तोंडून गेलें, कीं मूळचा आळ खोटा ठरला तरी उर्मटपणाचा दुसरा, अगदीं खरा, आरोप तयार होतो. आणि त्याला पन्नास साक्षीदार गाडींतच बसलेले असतात.

हा वाहक क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, ‘साहेब, चूक माझी असेल किंवा आपली असेल. पुढच्या स्थानकावर नियंत्रकांसमोर पिशवी मोजूं. जास्त निघाले तर ते आपले.’

या तीन वाक्यांचें मोल फार आहे. समोरचा मनुष्य खोटारडा आहे, असें तींत कोठेंहि म्हटलेलें नाहीं. आणि तसें बहुधा नसतेंहि. खोटे आळ घेणाऱ्यांत जाणूनबुजून खोटें बोलणारे थोडे. पुष्कळांची गफलत झालेली असते व ती त्यांना खरीच वाटत असते. सकाळीं एका दुकानांत दिलेली नोट दुपारीं दुसऱ्या हातांत दिल्यासारखी आठवते. अशा माणसाला मागें फिरण्यास वाट ठेवली पाहिजे. भिंतीशीं गांठल्यावर तोहि मग अब्रूसाठीं लढतो.

पिशवी मोजण्याची रीत साधी आहे. कामावर निघतांना वाहकाजवळ स्वतःचे किती पैसे आहेत तें वे-बिलावर नोंदावें लागतें. ‘आमच्यावर विश्वासच नाहीं’ म्हणून या नियमाचा राग करणारे वाहक असतात, आणि तो राग समजण्यासारखा आहे; पण आळ येतो त्या दिवशीं हीच नोंद त्याची ढाल होते. स्थानकावर नियंत्रकांनीं यंत्रावरचा आंकडा पाहिला: विकलेल्या तिकिटांचे 6,420 रुपये. निघतांना नोंदलेले स्वतःचे 150. शिवाय तीन प्रवाशांचे सुटे द्यावयाचे राहिले होते व तसें त्यांच्या तिकिटांमागें लिहून दिलेलें होतें, ते 35. एकूण 6,605. पांचशेंची नोट दोनशेंची समजून घेतली असती, तर पिशवींत 6,905 निघावयास हवे होते. निघाले 6,605.

परंतु एवढ्यानेंहि पुरी सुटका होत नाहीं. चुकून जास्त घेणाऱ्याची पिशवी जड होईल; मुद्दाम घेणारा ते पैसे पिशवींत कशाला ठेवील? ही शंका कोणीं बोलून दाखविण्यापूर्वींच वाहकानें आपण होऊन खिसे उलटे करून दाखविले. पिशवींत पांचशेंच्या नोटा दोनच होत्या, आणि त्या देणारे दोघेहि प्रवासी गाडींतच होते. त्यांनीं हात वर केले. नियंत्रकांनीं वेळ, गाडीचा क्रमांक, तिकिटाचा क्रमांक व मोजलेली रक्कम नोंदवहींत लिहिली आणि खालीं त्या दोघांच्या सह्या घेतल्या. गाडीला बारा मिनिटें उशीर झाला, चालक कुरकुरला. गृहस्थ मात्र काहीं न बोलतां खिडकीशीं जाऊन बसले.

येथें गोष्ट संपावयास हवी होती. ती संपली नाहीं. चार दिवसांनीं आगारांत त्यांचें पत्र आलें: वाहकानें तीनशें रुपये लाटले, आणि वर चारचौघांत अपमान केला.

आतां प्रश्न तीनशें रुपयांचा उरला नाहीं, पोटाचा झाला. गैरवर्तनाचा आरोप म्हणजे आरोपपत्र, चौकशी, आणि प्रसंगीं चौकशी होईतों निलंबन. निलंबित कामगार उपाशी राहूं नये म्हणून 1946 सालच्या स्थायी आदेशांच्या कायद्यांत 1982 सालीं कलम घालण्यांत आलें: पहिले 90 दिवस निम्मा पगार, आणि त्याच्याकडून दिरंगाई झाली नसतां चौकशी लांबली तर पुढें पाऊण पगार. 2020 सालच्या औद्योगिक संबंध संहितेनेंहि हेंच प्रमाण ठेवलें आहे. तरतूद चांगली आहे. पण निम्म्या पगारांत घरभाडें निम्में होत नाहीं, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या नजरेला कोणताच भत्ता लागू नाहीं.

चौकशी कशी असावी, हें सर्वोच्च न्यायालयानें 1963 सालच्या एका निकालांत स्पष्ट सांगितलें आहे. आरोप काय तें कामगाराला स्वच्छ शब्दांत कळवावें; साक्षीदारांच्या जबान्या त्याच्यासमक्ष व्हाव्यात; त्यांची उलटतपासणी करण्याची व स्वतःचे साक्षीदार आणण्याची त्याला संधी मिळावी; आणि अधिकाऱ्यानें आपला निष्कर्ष कारणें देऊन लिहावा. हें वाचून निर्दोष मनुष्य निर्धास्त होईल, तर तसें मात्र नाहीं. 1977 सालीं हरियाणांतील एका बसवाहकाच्याच प्रकरणांत त्याच न्यायालयानें असें ठरविलें कीं, खात्याच्या चौकशीला पुराव्याचा कायदा काटेकोरपणें लागू नाहीं, आणि प्रवाशांच्या जबान्या घेतल्या नाहींत एवढ्यावरून चौकशी रद्द होत नाहीं. विश्वास ठेवण्याजोगा काहीं पुरावा असला म्हणजे झालें. असा पुरावा अधिकाऱ्यांनीं जपून तोलावा, अशी समजहि न्यायालयानें दिली आहे. पण समज ती समज. बोट दाखविणारा मनुष्य समोर उभा राहीलच असा भरंवसा आरोपीनें धरूं नये.

म्हणून त्या वाहकानें केलें तें योग्य केलें. पत्राची नक्कल लेखी अर्ज देऊन मागितली. खुलासा मुदतींत दिला, एका पानाचा: तारीख, वेळ, तिकिटाचा क्रमांक, नोट, परत दिलेली रक्कम, स्थानकावरील मोजणी, नोंदवहीचें पान, दोघां साक्षीदारांचा उल्लेख. ‘मी 19 वर्षें इमानानें नोकरी करीत आहें’ हें वाक्य त्यानें प्रथम आरंभीं लिहिलें होतें. आगारांतील एका जुन्या कारकुनानें तें शेवटीं घ्यावयास लावलें. हा कारकून शहाणा खरा. इमानाचें वर्णन पुराव्याच्या आधीं आलें कीं विनवणीसारखें वाटतें, पुराव्यानंतर आलें कीं त्याला वजन येतें. प्रवाशाच्या स्वभावाबद्दल खुलाशांत अक्षर नव्हतें.

सहकाऱ्यांनीं त्याला दुसराहि सल्ला दिला होता, अब्रुनुकसानीची फिर्याद ठोकण्याचा. राग निवविण्यास हा उपाय गोड वाटतो, परंतु त्यांत दम थोडा. भारतीय दंडविधानाचें 499 वें कलम, किंवा त्याच्या जागीं 1 जुलै 2024 पासून आलेलें न्यायसंहितेचें 356 वें कलम, दोहोंतहि एक अपवाद आहे: ज्याला दखल घेण्याचा अधिकार आहे त्याच्याकडे सद्भावनेनें केलेली तक्रार ही बदनामी नव्हे. प्रवाशानें आगारप्रमुखांना लिहिलें, तें योग्य ठिकाणींच लिहिलें. त्याला ठाऊक असून तो खोटें बोलला, हें दाखवितां आल्याखेरीज फिर्याद टिकणें कठीण. आणि कायद्यानें असें असावें हेंहि रास्त आहे. नाहींतर खरी तक्रार करणारा प्रत्येक उतारू वकिलाकडे विचारून मग पत्र लिहील.

वरिष्ठांविषयीं मात्र थोडें कठोर बोलणें प्राप्त आहे. ‘ग्राहक कधीं चुकत नाहीं’ हें दुकानदारीचें वचन खात्यांच्या भिंतींवरहि चढून बसलें आहे. न आवडलेलें कापड मुकाट्यानें बदलून द्यावें, यासाठीं तें ठीक होतें. साक्षीदाराची जबानी तोलण्यासाठीं तें कधींच नव्हतें. ग्राहकाला थोर पाहुणा म्हणून गौरविणारा एक उतारा पुष्कळ पेढ्यांमधून महात्मा गांधींच्या नांवानें चौकटींत लावलेला असतो. तो गांधीजींच्या लेखनांत मिळत नाहीं. म्हणजे तेथेंहि एक आळच आहे, गोड असला तरी. तक्रार येतांच नोकराला चारचौघांत झापून ग्राहकाला खूष करणारा अधिकारी आपली सुटका करून घेतो. चौकशी त्यानें केलेलीच नसते.

निदान या सर्वांना नोंदवही आहे, नियंत्रक आहे, खुलाशाची मुदत आहे. घरपोंच सामान आणणाऱ्या पोराला त्यांतलें फारसें काहीं नाहीं. ‘वस्तू मिळाली नाहीं’ असें कोणीं फोनवर बोटानें दाबलें, कीं पुष्कळदां त्याला विचारण्यापूर्वींच त्याचा दिवसाचा मेहनताना धोक्यांत येतो. आणि मोलकरणीला तर तेवढेंहि नाहीं. अंगठी दिसेनाशी झाली कीं सुशिक्षित घरांतहि पहिलें नांव तिचें निघतें. तिचें वे-बिल कोण लिहिणार? चार दिवसांनीं अंगठी पिठाच्या डब्यांत सांपडते. तोंवर ती बाई त्या इमारतींतील चारहि घरांतून गेलेली असते. चोरीची बातमी एका तासांत सगळ्या मजल्यांवर पोंचली होती, अंगठी सांपडल्याची बातमी जिना उतरत नाहीं. ज्या बिऱ्हाडांत असें घडलें असेल, त्यांनीं तिचा पत्ता काढून चारहि घरच्या बायकांदेखत चूक सांगणें, हें सत्राजिताच्या लाजेपेक्षां काहीं अधिक जड नाहीं. त्यानें तर लाजून मणीहि दिला आणि मुलगीहि दिली.

वाहकाच्या प्रकरणीं चौकशीची पाळी आली नाहीं. खुलासा व नोंदवहीचें पान पाहून आगारप्रमुखांनीं तक्रार निकालांत काढली व तसें गृहस्थांना कळविलें. उत्तर आलें नाहीं. महिन्याभरानें बाजारच्या दिवशीं तेच गृहस्थ त्याच गाडींत चढले. वाहक जवळ येतांच त्यांनीं मूठ उघडली. तींत मोजून 85 रुपये सुटे होते. वाहकानें ते मोजले, तिकीट दिलें, आणि म्हणाला, ‘साहेब, जरा पुढें सरका, मागें बायामाणसें उभीं आहेत.’