खिंडीतला रेणू

सभागृहातल्या प्रत्येकाच्या घरात रोज सकाळी हा प्रयोग होतो. शेगडीचं बटण फिरवलं, पण लायटर एकदा नुसताच कटकटला. तेवढ्या वेळात बाहेर आलेला गॅस हवेतल्या ऑक्सिजनमध्ये मिसळतो, तरी पेटत नाही. पेटला तर ऊर्जा बाहेरच पडणार असते. पलीकडे एवढा उतार असूनही रेणू अडून राहतात, कारण मध्ये डोंगर आहे. सैद्धांतिक रसायनशास्त्राचा जीव गुंतलेला असतो तो या डोंगरातल्या खिंडीत.

या डोंगर-खिंडींचा, म्हणजे रेणूंच्या ऊर्जेतल्या चढउतारांचा, पहिला नकाशा हेन्री आयरिंग आणि मायकेल पोलान्यी यांनी बर्लिनमध्ये काढला. 1931 साली तो प्रसिद्ध झाला. अभिक्रिया निवडली सगळ्यात साधी. हायड्रोजनच्या रेणूकडे तिसरा हायड्रोजन अणू येतो, जोडीतल्या एकाला बाहेर काढतो आणि त्याची जागा घेतो.

हा प्रसंग अगदी जवळून पाहावा. रेणूतला बंध पुरता तोडायला मोलमागे सुमारे 436 किलोज्यूल लागतात. अदलाबदलीची खिंड मात्र जेमतेम 40 किलोज्यूल उंच! कारण जुना बंध सैल होत असतानाच नवा आवळत जातो. माथ्यावर तिन्ही अणू एका रेषेत येतात. मधला दोघांपासून सारखाच दूर, 0.93 अँगस्ट्रॉमवर, एरवी हे अंतर 0.74 असतं. सेकंदाचे लाख कोटी भाग केले, तर त्यातला एक भागही ही अवस्था टिकत नाही. ती बाटलीत भरून ठेवता येत नाही. गणितात मात्र त्या माथ्यावर हवा तितका वेळ उभं राहता येतं.

पण उंची काटेकोर हवी. साध्या तापमानाला 5.7 किलोज्यूलची चूक झाली, तरी अभिक्रियेचा वेग दहापट चुकतो.

रसायनशास्त्रामागचे भौतिक नियम हाती आहेत, अडचण समीकरणं सोडवण्याची आहे, असं पॉल डिरॅक यांनी 1929 मध्येच बजावलं होतं. वॉल्टर कोन यांनी इलेक्ट्रॉनांच्या घनतेवरून हिशेब मांडण्याची वाट दाखवली. 1998 चं नोबेल त्यांना जॉन पोपल यांच्यासोबत मिळालं. तरीही सर्वांत भरवशाच्या पद्धतींपैकी एकीत रेणू दुप्पट केला की काम तब्बल 128 पट वाढतं.

पुणे विद्यापीठात श्रीधर गद्रे आणि सहकाऱ्यांनी यावर शिंप्याची युक्ती काढली. 1994 मध्ये मांडलेल्या या पद्धतीचं नावच ‘मॉलिक्युलर टेलरिंग’. मोठा रेणू बेतायचा, तुकडे करायचे, प्रत्येक तुकडा वेगळा सोडवायचा, मग जोडायचा. शिवणीसाठी कापडात माया सोडतात, तसे कडेचे अणू शेजारच्या दोन्ही तुकड्यांत ठेवायचे. ऊर्जेची बेरीज करताना दोनदा मोजलेली माया एकदा वजा करायची. तुकडे निरनिराळ्या संगणकांवर एकाच वेळी चालवता येतात. बेंझिनच्या कड्यावर मात्र कात्री धरायची नाही. तिथले सहा इलेक्ट्रॉन साऱ्या कड्याचे मिळून असतात.