शेवटच्या नळापर्यंतचा क्लोरिन

१९९९ साली भंडाऱ्यापासून वेगळा झालेला गोंदिया जिल्हा तलावांचा म्हणून प्रसिद्ध आहे. पूर्वीच्या मालगुजारी तलावांवर तेथील धान आजही पोसले जाते. पिण्याचे पाणी मात्र अनेक गावांत विहिरीतून उंच टाकीत चढते व नळाने घरोघर जाते. टाकीत जलसुरक्षक टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, घालतो. परंतु वस्तीच्या टोकाशी त्यातील क्लोरिन किती उरतो? भारतीय मानकाप्रमाणे तो लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम असावयास हवा.

क्लोरिन पाण्यात स्थिर राहत नाही. जंतू, सेंद्रिय गाळ, नळातील गंज या सर्वांवर तो खर्च होतो, आणि तोही ठरावीक रकमेने नव्हे, तर उरलेल्याच्या प्रमाणात. समजा, दर सहा तासांस तो निम्मा होतो. टाकीत ०.८ असेल तर बारा तासांनी ०.२ उरेल. वैशाखात पाणी तापून हाच अवधी तीन तासांवर आला, तर बारा तासांनी उरेल अवघा ०.०५! पावडर तेवढीच, टाकी तीच. टोकाचे घर मात्र निराधार.

पावडर वाढवा, असे कोणी म्हणेल. हिशेबाने टाकीत ३.२ ठेवावे लागेल, आणि मग टाकीशेजारच्या गृहिणी त्या उग्र वासाने उघड्या विहिरीकडे वळतील, हे सांगावयास शास्त्रज्ञ नको. त्यापेक्षा पाणी टाकीत कमी वेळ साठवावे, किंवा वाटेत दुसऱ्यांदा थोडी मात्रा द्यावी, हेच श्रेयस्कर.

हे भाकीत मोठ्या शहरांसाठी संगणक करतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९३ मध्ये काढलेली ‘इपानेट’ ही आज्ञावली विनामूल्य मिळते. खेड्यास एक स्वच्छ बाटलीही पुष्कळ झाली. टाकीतले पाणी तीत भरून सावलीत ठेवावे, दर तासाला क्लोरोस्कोपने पाहावे. निम्मे होण्याचा अवधी कळतो. बाटलीत नळाचा गंज नसतो, म्हणून शेवटच्या नळाचे माप याहून कमी भरते. ती तफावत म्हणजे नळांनी खाल्लेला वाटा. हा प्रयोग वैशाखात एकदा व पहिल्या पावसाने पाणी गढूळल्यावर पुन्हा करावा.

पावडरीचाही हिशेब आहेच. ताज्या पावडरीत सुमारे ३३ टक्के क्लोरिन असतो. हजार लिटरांस पाच ग्रॅम घातल्यास लिटरला १.६५ मिलिग्रॅम पडतो. उकाड्यात व ओलीत उघड्या राहिलेल्या पोत्यात तो २० टक्क्यांवर आला, तर तेच पाच ग्रॅम जेमतेम १ मिलिग्रॅम देतात, आणि वरील सारे गणित तेथूनच चुकावयास लागते.