मासोळ्या भांडतायत? आधी अंडी शोधा

मी कोहमाऱ्याहून बोलतोय. पावसाळा लागला की तुमचे एकाच प्रकारचे मेसेज यायला लागतात. "भाऊ, इतके दिवस शांत असलेली मासोळी एकदम बाकीच्यांना मारायला लागली. कोणतं औषध टाकू?"

औषध टाकू नका. आधी बघा, जोडी जमली आहे का. आपल्याकडच्या देशी माशांत मारामारीमागे बऱ्याचदा अंडी-पिल्लंच असतात.

आपल्या भागात पाऊस पडला की तलावाचं पाणी चढतं, थंड होतं, किडे-अळ्या वाढतात. मग मासे धानाच्या बांध्यांपर्यंत चढतात आणि तिथं अंडी घालतात. आता तुम्ही टाकीतलं अर्धं पाणी एकदम बदललं, थंड पाणी ओतलं आणि वरून जिवंत अळ्या खाऊ घातल्या, तर माशाला काय वाटेल? मृग लागला! पिल्लं नको असतील तर पाणी थोडं-थोडं बदला, आठवड्याला पाव टाकी, तेही टाकीतल्या पाण्याइतकंच कोमट. जिवंत खाणं कमी करा.

आता एकेक मासा बघू. चन्ना गाचुआ, म्हणजे मरळीचा छोटा भाऊ. याचा नर अंडी तोंडात धरून सांभाळतो. गाल फुगलेले दिसले आणि त्यानं खाणं सोडलं, तर तो आजारी नाही, बाप झालाय. पण जोडी जमली की दोघं मिळून बाकीच्यांना जगू देत नाहीत. तिथं एकच इलाज: जोडी एका टाकीत, बाकीचे दुसरीकडे. पिल्लं नकोच असतील तर एकटा गाचुआ ठेवा, तो मजेत राहतो. झाकण मात्र घट्ट हवं, कारण हा उडी मारतो. आणि पाण्यावर थोडी जागा सोडा, तो वर येऊन हवा घेतो.

गौरामीचा नर पाण्यावर बुडबुड्यांचं घरटं करतो आणि त्याच्याजवळ कोणालाच फिरकू देत नाही. मादीलाही मारतो. मादीला लपायला दाट झाडी द्या. पिल्लं नको असतील तर बुडबुडे दिसताच मोडा.

बार्ब आणि डॅनिओ अंडी विखरून टाकतात आणि स्वतःच खातात. तिथं तुम्हाला काही करावं लागत नाही. पण हे दोन-तीनच ठेवले तर एकमेकांच्या मागे लागतात. आठ-दहा ठेवा, म्हणजे एकाच बिचाऱ्यावर सगळा मार पडत नाही. आणि तो काचेसारखा चंदा नामा दिसतो साधा, पण दुसऱ्या माशांचे खवले खातो. त्याची मारामारी भुकेची आहे, ती पाणी बदलून थांबणार नाही. त्याला वेगळंच ठेवा.

भांडखोर मासा काढून परत टाकायचा असेल, तर आधी दगड, लाकूड, मडकी सगळं हलवा. जुनी हद्द मोडली की सगळ्यांना नव्यानं सुरुवात करावी लागते. एकमेकांची नजर पडणार नाही असे आडोसे करा.

आता खरी अडचण. पिल्लं झालीच, जास्त झाली, मग? बरेच जण म्हणतात, "मामा तलावात सोडून देतो, देशीच तर आहे." दोस्तांनो, हे करू नका. दुकानातला 'देशी' मासा आसामचा किंवा बंगालचा असू शकतो. आणि टाकीतला रोग तलावात गेला तर परत काढता येत नाही. तिलापिया 1952 मध्ये भारतात आणला गेला, आज तो कित्येक तलावांत ठाण मांडून बसलाय. आफ्रिकन मांगूरवर 2000 साली बंदी आली, तरी तो संपला नाही. आपल्या माजी मालगुजारी तलावांवर ढिवर समाजाची कितीतरी घरं चालतात. आपल्या हौसेचा भार त्यांच्या जाळ्यावर कशाला?

जास्तीची पिल्लं टाकीतल्याच मोठ्या माशांना खाऊ द्या, निसर्गात तेच होतं. नाहीतर टाकी असलेल्या मित्राला द्या. आणि नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाच्या पाण्यातून मासे आणायचे नाहीत, हे वेगळं सांगायला नको.

तुमच्या टाकीत कोण कोणाला मारतंय, व्हॉइस मेसेज करून सांगा. टाकी किती लिटरची आणि आत मासे किती, हे पण सांगा, म्हणजे नीट उत्तर देता येईल. भेटू पुढच्या भागात!