आधी ऐकायचं, मग वाजवायचं

हेडफोन लावलेत ना? आज कोडिंगच्या गप्पा नाहीत. आज झाकीरभाईंबद्दल बोलायचंय, आणि माझ्या एका चुकीबद्दलही.

१५ डिसेंबर २०२४, रविवारची रात्र. सोमवारी रिलीज होतं म्हणून मी लॅपटॉप घेऊन बसलो होतो. तेवढ्यात फोनवर बातमी आली, उस्ताद झाकीर हुसेन गेले. मी लगेच ती माझ्या तबल्याच्या सरांना फॉरवर्ड केली. साताऱ्यात सहा वर्षं शिकलो मी त्यांच्याकडे. बारावी आली आणि तबला सुटला, तो सुटलाच.

थोड्या वेळाने दुसरी बातमी. ते हयात आहेत, अमेरिकेत हॉस्पिटलमध्ये आहेत, प्रकृती गंभीर आहे. मेसेज डिलीट करायला गेलो, तर दोन निळ्या टिका आधीच उमटलेल्या. पाठोपाठ सरांचा फोन.

"अरे, खात्री केली होतीस का? मी तबला झाकून ठेवला. आता परत उघडू का?"

काय बोलणार? सकाळी कुटुंबीयांकडून निधनाची बातमी आली. म्हणजे बातमी शेवटी खरी ठरली. पण त्या रात्रीपुरती मी ती खोटीच पाठवली होती ना?

झाकीरभाई ७३ वर्षांचे होते. आजाराचं नाव इडिओपॅथिक पल्मनरी फायब्रोसिस. यात फुफ्फुसांवर व्रण पडत जातात, ती ताठर होतात, श्वास पुरत नाही. इडिओपॅथिक म्हणजे ज्याचं कारण सापडत नाही असा. त्याच वर्षी, फेब्रुवारी २०२४ मध्ये, त्यांना एकाच रात्री तीन ग्रॅमी मिळाले होते. त्यातला एक 'शक्ती'च्या अल्बमसाठी. हा ग्रुप त्यांनी जॉन मॅकलॉफलिन यांच्यासोबत सत्तरच्या दशकात सुरू केला होता.

आपल्यापैकी बऱ्याच जणांना ते आठवतात ते चहाच्या जाहिरातीतले. उडणारे कुरळे केस आणि दिसेनाशी होणारी बोटं. मीही लहानपणी त्या वेगालाच भुललो होतो. सर मात्र म्हणायचे, "वेग नंतर बघ. ते साथ कशी करतात ते ऐक."

साथ म्हणजे काय, हे मला खूप उशिरा कळलं. पंडित शिवकुमार शर्मांबरोबरचं त्यांचं कुठलंही जुनं रेकॉर्डिंग लावा. संतूरचा आवाज नाजूक. तबला जरा चढला की तो बुडालाच. झाकीरभाई अशा वेळी साधा ठेका धरून बसतात. एवढं येत असूनही हात राखून. संतूरवर एखादी जागा येते, ते मान वर करून बघतात, हसतात, आणि मग उत्तर देतात. तेही नेमकं तेवढंच. सोळा मात्रा फिरून दोघं समेवर भेटतात, तेव्हा आपलीही मान आपोआप हलते.

मे २०२२ मध्ये शिवजी गेले. झाकीरभाईंनी त्यांच्या पार्थिवाला खांदा दिला. चितेजवळ एकटेच उभे असलेले झाकीरभाई, हा फोटो तुमच्याही फोनवर आला असेल. तो मी बराच वेळ बघत बसलो होतो. वाजवणं संपलं होतं, तरी हा माणूस साथीला उभा होता.

आणि मी? एवढ्या मोठ्या माणसाच्या मरणाची बातमी मी कुणाच्या आधी पाठवायला निघालो होतो? सर सत्तरीच्या पुढचे, घरात एकटे. फोन करून "सर, असं कानावर येतंय" एवढं बोललो असतो, तर त्या रात्री ती माझ्याकडून साथ झाली असती.

पुढच्या शनिवारी साताऱ्याला गेलो. माफी मागितली. सर काही बोलले नाहीत. त्यांनी तबल्यावरचं कापड काढलं, डग्गा माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, "तीनताल. नुसता ठेका." ते पेटीवर लेहरा धरून बसले. अर्धा तास मी फक्त ठेका वाजवला. हात आखडले होते, दोनदा सम चुकली. तिसऱ्यांदा मी बोटांकडे बघणं सोडून पेटी ऐकायला लागलो, आणि सम सापडली.

तर मंडळी, आज झोपण्याआधी झाकीरभाईंचं एक रेकॉर्डिंग ऐका. सोलो नको, साथीचं. आणि कुणाला ते पाठवावंसं वाटलं, तर आधी स्वतः पूर्ण ऐका.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.