निवडीपुरतीं पदें



तोरणमाळच्या माळावर राहणाऱ्या एका निवृत्त शाळामास्तरानें संगीताविषयीं बोलावें, याचें आपणांपैकीं कित्येकांस नवल वाटेल. मी गवई नाहीं आणि सुरांचें शास्त्रहि शिकलेलों नाहीं. माझा अधिकार काय तो श्रोत्याचा. परंतु आजचा प्रश्न गवयापेक्षां श्रोत्यालाच विचारण्याजोगा आहे. एखाद्या गायकाच्या किंवा मंडळीच्या गाण्यांतून 'निवडक' म्हणून एक तबकडी काढावयाची, तर तिच्यापुरतीं गाणीं त्याच्यापाशीं आहेत कीं नाहींत, हें कोणीं ठरवावें आणि कशावरून ठरवावें?

प्रश्न माझा नव्हे. तो माझ्या पुतण्याचा. तो मुंबईस असतो आणि त्याला रॉक म्हणून जें पाश्चात्त्य गाणें आहे, त्याचें वेड आहे. सुट्टींत तो येथें आला तेव्हां त्याचा व त्याच्या मित्राचा तीन दिवस वाद चालला होता. एका वाद्यवृंदाचे अवघे चार संच निघालेले. त्यांतून निवडक गाण्यांचा पांचवा संच काढण्याइतकीं गाजलेलीं गाणीं त्यांच्याजवळ आहेत काय? एक म्हणे आहेत, दुसरा म्हणे चार चांगलीं आणि आठ भरतीचीं घालून लोकांना फसविण्याचा हा धंदा आहे. मीं आपला चहा घेत ऐकत होतों. वाद पोरकट वाटला, पण रात्रीं विचार करूं लागलों तेव्हां तो तितकासा पोरकट राहिला नाहीं.

तिकडच्या जगांत या प्रश्नाचीं उत्तरें मोठीं गमतीचीं सांपडतात. अमेरिकेंत 'ईगल्स' नांवाचा एक वृंद १९७१ सालीं निघाला. चार वर्षांत त्यांचे चार संच झाले आणि १९७६ च्या फेब्रुवारींत त्यांच्या प्रकाशकांनीं दहा निवडक गाणीं एकत्र करून बाजारांत आणलीं. पुढें या निवडीचा खप इतका झाला कीं, अमेरिकेंत सर्वांत अधिक खपलेला संच म्हणून २०१८ सालीं तिची नोंद झाली. आणि मौज अशी कीं, या मंडळींचें जें गाणें आज जगभर त्यांच्या नांवाबरोबर आठवतें, तें 'हॉटेल कॅलिफोर्निया' त्याच सालच्या डिसेंबरांत, म्हणजे निवड होऊन गेल्यावर, बाहेर पडलें. उलट 'बीटल्स'चा वृंद १९७० सालीं मोडला आणि तीस वर्षांनंतर, २००० सालीं, त्यांचीं पहिल्या क्रमांकावर पोंचलेलीं सत्तावीस गाणीं एका संचांत निघालीं. एकाची निवड फळ पिकण्यापूर्वीं झाली, दुसऱ्याची झाड वठल्यावर. दोन्ही खपल्या. तेव्हां खपावरून आपला प्रश्न सुटत नाहीं.

मग मीं मनाशीं म्हटलें, परक्यांचा हिशेब कशाला? आपल्याकडेहि वृंद होतेच. चार माणसांनीं एकत्र यावें, एका पंक्तीला जेवावें, गांवोगांव सामान घेऊन फिरावें, भांडावें, फुटावें, नवी मंडळी काढावी, आणि लोकांनीं त्यांचीं गाणीं घरीं नेऊन गुणगुणावीं. संगीत नाटक मंडळी म्हणजे दुसरें काय होतें? गंधर्व नाटक मंडळीविषयीं हा प्रश्न कोणी विचारणार नाहीं. तेथें पदें इतकीं कीं, कोणतीं टाकावीं याचेंच दुःख. पण बळवंत संगीत मंडळी घ्या. मास्तर दीनानाथ, चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे हे किर्लोस्कर मंडळींतून बाहेर पडले आणि १९१८ सालीं त्यांनीं ही मंडळी काढली. दीनानाथ त्या वेळीं अठरा वर्षांचेहि नव्हते. १९३४ च्या सुमारास मंडळी बोलपटाच्या व्यवसायांत उतरली, 'कृष्णार्जुन युद्ध' काढलें, आणि तेथें तिची कंबर खचली. दीनानाथ १९४२ च्या एप्रिलांत पुण्यास वारले, वय एकेचाळीस. पंधरा-सोळा वर्षांचा सारा खेळ. एवढ्या अवधींतून एक तबकडी भरेल काय?

त्या काळीं लोकप्रियतेचें माप एकच होतें, तें म्हणजे वन्समोअर. हें माप मला कधींच पुरें विश्वासाचें वाटलें नाहीं. वन्समोअर पदाला मिळतो, तसा शालूलाहि मिळतो. नटाच्या उभे राहण्याच्या ऐटीला मिळतो. पुढच्या रांगेंतल्या सावकाराच्या लहरीलाहि मिळतो. शिवाय थिएटरांतला टाळ्यांचा कडकडाट तबकडींत उतरत नाहीं. तेथें उतरतो केवळ आवाज, आणि तोहि अगदीं मोजून. लाखेची जुनी तबकडी मिनिटास अठ्याहत्तर फेरे घेई व तिच्या एका बाजूस सुमारें तीन मिनिटें मावत. रंगभूमीवर जें पद पंधरा मिनिटें रंगे, त्याचा अर्क तीन मिनिटांत काढावयाचा. दीनानाथांची तान विजेसारखी. इतर गवई आलापींत जी वाट चालत जात, ती ते एका झेपेंत ओलांडीत. म्हणून मला वाटतें, या तीन मिनिटांचा जाच त्यांना इतरांहून कमी झाला असावा. पुढें १९४८ सालीं अमेरिकेंत लांब पल्ल्याची तबकडी निघाली, तिच्या एका बाजूस वीस मिनिटें मावूं लागलीं, आणि तेव्हांच जुन्या लाखेच्या बारा-तेरा बाजू एका तबकडींत घालण्याची सोय झाली. 'निवडक' ही कल्पना कलेंतून जितकी आली, तितकीच ती या वीस मिनिटांतून आली आहे.

आतां मोजूं. मीं एका कागदावर दीनानाथांचीं जीं पदें मनांत आपोआप येतात, तीं लिहीत गेलों. 'मानापमाना'तलीं चार : शूरा, चंद्रिका, रवि मी आणि प्रेमसेवा. 'भावबंधना'तलें कठीण कठीण हें एक. 'रणदुंदुभी'चीं पांच : परवशता, दिव्य स्वातंत्र्य, जगीं हा खास, आपदा आणि वितरि. 'संन्यस्त खड्गा'तलीं शतजन्म व मर्मबंध अशीं दोन, आणि 'ब्रह्मकुमारी'तलें विलोपले हें एक. तेरा झालीं. एकेकास तीन मिनिटें धरलीं तर एकोणचाळीस मिनिटें; तबकडीच्या दोन्ही बाजू कांठोकांठ भरतात. पुतण्याला हें सांगितलें असतें तर तो म्हणाला असता, झालें, प्रश्न मिटला! पण लिहून ठेवलें म्हणजे निवडलें असें नव्हे.

पहिला तंटा 'मानापमाना'चा. हें नाटक खाडिलकरांचें, चाली गोविंदराव टेंब्यांच्या. किर्लोस्कर मंडळीनें तें १९११ सालीं रंगभूमीवर आणलें, तेव्हां दीनानाथ दहा वर्षांचे होते. भामिनी म्हणजे बालगंधर्व. पुढें १९२१ च्या जुलैंत टिळक स्वराज्य फंडासाठीं गंधर्व व ललितकलादर्श या दोन मंडळ्यांनीं संयुक्त 'मानापमान' केलें, तेव्हां धैर्यधर झाले केशवराव भोसले. एवढे धनी असतां हीं पदें 'बळवंत'च्या खात्यावर मांडावयाचीं कशीं? येथें मीं स्वतःपुरता एक नियम केला. दुसरा कोणी तें पद गात असतांना माझ्या कानांत जर दीनानाथच वाजूं लागले, तर तें पद त्यांचें. दुसऱ्याच्या घरांत राहून ज्यानें त्या घराला आपलें नांव मिळवून दिलें, त्याचा हक्क कसा नाकारावा? या नियमानें शूरा, चंद्रिका व रवि मी हीं तिन्ही टिकतात. पंजाबी वळणाच्या त्या झटक्यांनीं दीनानाथांनीं टेंब्यांची चाल मोडली नाहीं, पण तिचा स्वभाव बदलला. प्रेमसेवा मात्र मला इतक्या गळ्यांतून ऐकूं येतें कीं, त्यावर एकाचीच मालकी सांगण्याचा धीर होत नाहीं. तें मीं खोडलें. आपणांपैकीं कोणी यावर रागावेल, रागवावें.

दुसरा तंटा अधिक गंभीर. 'रणदुंदुभि' हें वीर वामनराव जोशांचें नाटक १९२७ सालचें, आणि 'संन्यस्त खड्ग' हें सावरकरांचें, १९३१ सालचें. त्या वेळीं सावरकर रत्नागिरीस स्थानबद्ध होते. दोन्ही नाटकांच्या चाली वझेबुवांच्या. परदास्याची चीड ज्या प्रेक्षागृहांत धुमसत होती, तेथें परवशतेचें पद उठलें म्हणजे टाळी गाण्याला पडे कीं अर्थाला, हें कोणी सांगावें? काळानें उचललेलें गाणें काळाबरोबर खालीं येतें, असा सामान्य अनुभव आहे. कितीएक स्फूर्तिगीतें आज कागदावर निर्जीव पडलेलीं आपण पाहतोंच. मग १९४७ नंतर या पदांचें काय झालें? दिव्य स्वातंत्र्य हें पद आज ऐकतांना मला इतिहासाचा आदर वाटतो. परवशता ऐकतांना मात्र इतिहास आठवतच नाहीं. पारतंत्र्य गेलें तरी त्या पदांतली तडफड गेली नाहीं, कारण ती वझेबुवांच्या चालींत आणि दीनानाथांच्या गळ्यांत होती. म्हणून दोन्ही ठेवावीं, परंतु ठेवण्याचीं कारणें वेगळीं आहेत हें स्वतःशीं तरी कबूल करावें. आपदा मीं वगळलें. एकाच नाटकाचीं पांच पदें झालीं म्हणजे निवडीऐवजीं त्या नाटकाचीच तबकडी होते. वितरि ठेवलें तें गवयांसाठीं. सर्वसाधारण घरांत तें फारसें गुणगुणलें जात नाहीं हें खरें, पण गाणाऱ्या लोकांनीं जें जपलें, त्याला निवडींत एक तरी जागा असावी.

मर्मबंधाविषयीं वाद संभवत नाहीं. पटदीप रागाचें नांव ठाऊक नसलेल्यासहि त्या पदानें पटदीप ओळखावयास शिकविला. वसंतराव देशपांड्यांनीं तें गाइलें, आशाबाई भोसल्यांनीं गाइलें, हल्लींच्या स्पर्धांतून शाळकरी मुलें गातात. ज्यानें बापाच्या पिढीबरोबर मरावयाचें नाकारलें, असें हें पद.

आमच्या आश्रमशाळेंत मीं एकदां एक प्रयोग केला होता. कॅसेटचा काळ होता. मुलें पावरा व भिल्ल घरांतलीं. नाट्यपदांतली संस्कृतप्रचुर मराठी त्यांना मुळींच कळण्याजोगी नव्हती, आणि नाटक तर त्यांतल्या कोणीं पाहिलेलेंच नव्हतें. मीं नाट्यपदांची एक कॅसेट लावली आणि कांहींहि न सांगतां बसून राहिलों. मुलें शिष्टाचारानें ऐकत होतीं. दीनानाथांचें शूरा लागलें तेव्हां पहिल्या तानेला एक मुलगा खुदकन हंसला. मला वाटलें, थट्टा करतो आहे. गाणें संपल्यावर तोच म्हणाला, "गुरुजी, तें पुन्हां लावा." होळीच्या रात्रीं ज्याच्या घरचा ढोल डोंगर हालवितो, त्या पोरानें दिलेला तो वन्समोअर मी मुंबई-पुण्याच्या वन्समोअरपेक्षां जड मानतों.

'भावबंधना'विषयीं थोडें सांगितलें पाहिजे. मंडळीच्या कीर्तींत या नाटकाचा वांटा फार मोठा. गडकरी १९१९ च्या जानेवारींत वारले आणि त्यांच्यामागें त्याच सालीं 'बळवंत'नें तें रंगभूमीवर आणलें. लतिका दीनानाथ, घनःश्याम चिंतामणराव. परंतु निवडींत त्याचें एकच पद येतें. घनःश्यामाचें तें विषारी गद्य तबकडीवर कोण घेणार? चिंतामणरावांनीं 'बहुरूपी' या आत्मचरित्रांत मंडळीची हकीगत लिहून ठेवली, म्हणून निदान ती वाचतां तरी येते. मंडळीची तबकडी म्हणून आपण जी काढूं, ती वस्तुतः एका गळ्याची तबकडी होणार, बाकीचे सोबती मुके राहणार. पाश्चात्त्य वृंदांतहि तबला-पेटीच्या जागीं बसणाऱ्यांचें असेंच होतें, असें पुतण्या सांगतो.

आणि मला खरी धास्ती वाटते ती पुढचीच. आमच्या तोरणमाळास शहाद्याहून सातपायरीचा घाट चढून यावें लागतें. पूर्वीं वर येणारें सामान निवडकच असे. मीठ, तेल, वह्या, औषधें. जें खालीं राही तें आमच्या लेखीं जगांत नव्हतेंच. निवडक तबकडीचेंहि तसेंच आहे. ती निघाली कीं घरोघरीं तीच वाजते, तिच्यावरून पुढची तबकडी, तिच्यावरून आतां फिरत्या दूरध्वनीवरची यादी, आणि ज्या दोन-तीन पदांस आज मीं कागदावर काट मारली, तीं पंचवीस वर्षांनीं कोणाच्या कानींच पडत नाहींत. ईगल्सच्या मंडळींस एक भाग्य होतें : निवड झाल्यावरहि ते जिवंत होते, नवें गाऊं शकत होते. दीनानाथांच्या बाबतींत लाखेंत जेवढें राहिलें तेवढेंच, आणि त्यांतूनहि आपण चाळणी लावणार. म्हणून मी म्हणतों, निवड करावी, अवश्य करावी. पण प्रकाशकानें ज्या दिवशीं निवडक काढलें, त्याच दिवशीं उरलेल्या साऱ्या बाजूहि, कितीहि खरखरीत असोत, विकत मिळतील अशी तजवीज करावी. खपणार नाहींत, न खपोत.

तर पुतण्याच्या प्रश्नाला माझें उत्तर अकरा पदांचें आहे. पहिल्या बाजूस सहा : आरंभीं रवि मी, मग चंद्रिका, कठीण, वितरि, दिव्य स्वातंत्र्य, आणि शेवटीं शूरा, म्हणजे तबकडी उलटावयास माणूस आपण होऊन उठेल. दुसऱ्या बाजूस पांच : जगीं हा खास, शतजन्म, विलोपले, मर्मबंध, परवशता. दोन्ही बाजूंस थोडी जागा रिकामी राहील; ती भरूं नये. वेष्टनावर प्रत्येक पदापुढें नाटकाचें, नाटककाराचें, चाल बांधणाराचें आणि जेथें ठाऊक असेल तेथें पेटी व तबला वाजविणाराचें नांव ठळक अक्षरांत छापावें. दीनानाथांचें नांव सर्वांत वर असावें, पण त्याच्या खालीं 'बळवंत संगीत मंडळी' हे शब्द त्याच आकाराच्या टंकांत असावेत.