आकाशदीप आणि हातातील बिनतारी संच

काशीच्या पंचगंगा घाटावर कार्तिक महिन्यात आकाशदीप लावण्याची जुनी प्रथा आहे. उंच वेळूच्या टोकाशी दोरीने टोपली चढवितात आणि त्या टोपलीत दिवा तेवत राहतो. महाराष्ट्रीयांना हा घाट परका नाही. औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधविलेले बिंदुमाधवाचे मंदिर येथेच आहे, आणि अहल्याबाई होळकरांच्या नावाशी जोडला जाणारा दगडी हजारा दीपस्तंभही येथेच उभा आहे. आकाशदीपाची वात काही मोठी नसते. तो लांबून दिसतो, याचे कारण त्याची उंची. हौशी बिनतारीचा जो लहानसा संच आज मुठीत मावतो, त्याचे पहिले मर्म हेच आहे.

एकेकाळी बिनतारी संच म्हणजे मेजभर पसरलेले, खर्चिक प्रकरण असे. २०१२ च्या सुमारास बाओफेंग यूव्ही-५आर या चिनी बनावटीच्या संचाने ही स्थिती पालटली. चार-पाच वॅट शक्ती, दोन लहरपट्टे आणि १२८ स्मृतिस्थाने एवढे सारे साध्या मोबाइलपेक्षाही कमी किमतीत मिळू लागले. साहजिकच पुष्कळांना प्रश्न पडतो, की स्वस्त संच घ्यावा का, आणि घेतला तर तो कसा लावावा?

निवड करताना बहुतेकांची दृष्टी प्रथम वॅटच्या आकड्यावर जाते. वास्तविक पाचाचे दहा वॅट केल्याने ऐकणाऱ्याला फारसा फरक जाणवत नाही. या संचाच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. क्षितिजापलीकडे त्या सहसा वळत नाहीत, की आकाशातून परत येत नाहीत. जमिनीपासून दीड मीटर उंचीवर धरलेल्या संचाचे बिनतारी क्षितिज सुमारे ५ किलोमीटर असते. २५ मीटर उंच गच्चीवरून तेच सुमारे २० किलोमीटर होते. हेही मोकळ्या जागेचे गणित झाले. पंचगंगेच्या पायऱ्यांवरून हे प्रत्यक्ष समजते. काशीचे घाट चंद्रकोरीसारखे वळलेले आहेत; त्यामुळे एका घाटावरून दुसऱ्याकडे जाणारी रेषा धनुष्याच्या दोरीप्रमाणे पाण्यावरून जाते आणि तेथे आवाज स्वच्छ पोहोचतो. पण पाठीमागच्या उंच काठावरील दगडी गल्ल्यांत, अवघ्या काही शे पावलांवर, तो अडखळू लागतो. म्हणून वॅटच्या आकड्यापेक्षा एरिअलकडे अधिक लक्ष द्यावे. १४५ मेगाहर्ट्झला लहरीची लांबी सुमारे दोन मीटर भरते. तिचा चतुर्थांश, म्हणजे अर्धा मीटर, एवढे एरिअल योग्य. संचासोबत येणारे बोटभर एरिअल ही सोयीसाठी केलेली तडजोड आहे. एरिअल आधी बदलावे, संच मागाहून. त्याखेरीज जादा बॅटरी मिळते का, आणि भारत सरकारच्या बिनतारी विभागाची उपकरणाला मान्यता आहे का, एवढे पाहिले म्हणजे पुरे.

आता लावणी. येथे स्वस्ताईची खरी कसोटी लागते. असले संच बहुधा १३६ ते १७४ आणि ४०० ते ४८० मेगाहर्ट्झपर्यंत कोठेही बोलू देतात. भारतातील हौशी परवानाधारकाचा अधिकार मात्र या भागात १४४ ते १४६ आणि ४३४ ते ४३८ एवढाच आहे. पहिल्या पट्ट्यातील ३८ मेगाहर्ट्झपैकी केवळ दोन आपले! उरलेल्यांत पोलीस आहेत, अन्य सरकारी सेवा आहेत, १५६.८ ही समुद्रावरील संकटहाकेची जागा आहे, आणि ४०६ च्या आसपास संकटग्रस्त जहाजांच्या व विमानांच्या हाका उपग्रह टिपतात. यंत्राला ही मर्यादा ठाऊक नाही. ती मालकाने लिहून द्यावी लागते.

ती लिहिण्याचे साधन फुकट उपलब्ध आहे. ‘चर्प’ नावाचा संगणकीय कार्यक्रम आणि एक जोडतार एवढ्यावर काम भागते. आरंभी संचातील मूळ मजकूर वाचून घेऊन त्याची प्रत जपून ठेवावी. मग थेट संभाषणाची एकदोन स्थाने भरावीत, १४५.५०० ही त्यांतली सर्वपरिचित. त्यानंतर रिपीटर, म्हणजे उंच जागी बसून आपला आवाज ऐकणारे व तो पुढे पाठविणारे केंद्र. ते एका लहरीवर ऐकते, दुसरीवर बोलते. दोन मीटरच्या पट्ट्यात या दोहोंत ६०० किलोहर्ट्झचे अंतर ठेवण्याचा प्रघात आहे. केंद्र १४५.७०० वर बोलत असेल, तर बहुधा आपण १४५.१०० वर बोलावयाचे. कित्येक केंद्रे एक मंद, कानाला न जाणवणारा स्वर ऐकल्यावाचून दार उघडत नाहीत. तो स्वरही त्याच ओळीत नोंदवावा. जी स्थाने केवळ ऐकण्यासाठी आहेत, उदाहरणार्थ अंतराळस्थानकाची १४५.८००, तेथे प्रक्षेपण बंद करून ठेवावे. शेवटी एका दमात किती वेळ बोलता यावे याला मर्यादा घालावी आणि कळफलक कुलूपबंद करावा. खिशात दाबली गेलेली एक कळ सबंध लहर अडवून धरू शकते.

हे सारे सूक्ष्म नियम कशासाठी, असे कोणी विचारील. १९८५ च्या सुमारास याच घाटावरून देवदीपावलीचा आजचा सोहळा वाढीस लागला. कार्तिकी पौर्णिमेच्या रात्री काठावर लाखोंची दाटी होते. अशा गर्दीत मोबाइलचे जाळे कोंडले, तर चुकलेल्या मुलाची किंवा नावेवरील अपघाताची वार्ता न्यावयास लहानसा संचही मोलाचा ठरतो. मात्र कोणा अजाण माणसाने खेळ म्हणून पोलिसांच्या लहरीवर कळ दाबली, तर तोच संच त्या वार्तेच्या आड येतो.

डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद व त्यांचे सहकारी हौशी केंद्र चालविण्यासाठी अंदमानात होते. २६ तारखेला भूकंप आणि त्सुनामीने बेटांचा संपर्क तुटला, तेव्हा त्यांच्या संचांवरून निरोप मुख्य भूमीपर्यंत गेले. ते संच दूर पल्ल्याच्या लघुलहरींचे होते. मुठीतला संच हे करू शकत नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. पण यंत्रांइतकीच तेथे उपयोगी पडली ती बोलण्याची शिस्त: आधी ऐकणे, थोडक्यात सांगणे, आणि दुसऱ्याला वाट देणे.

या विद्येचा परवाना केंद्र सरकारचा दूरसंचार विभाग परीक्षा घेऊन देतो. परीक्षेत विद्युत्शास्त्राची मूलतत्त्वे आणि नियम विचारतात; सामान्य शिक्षण झालेल्या माणसाला काही महिन्यांच्या अभ्यासाने ती साधते. २०२५ मध्ये केंद्राने संकेतस्थळांवरून होणाऱ्या असल्या संचांच्या बेकायदा विक्रीविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली, ती याच कारणाने. तेव्हा क्रम असा असावा: प्रथम अभ्यास, मग परवाना, मग संच. आणि संच हाती आल्यावर पहिले काही दिवस बोलण्याची कळ न दाबता नुसते ऐकत राहावे. आपल्या घरून कोण ऐकू येते, कोणत्या गच्चीवरून कोणता रिपीटर लागतो, हे त्या दिवसांत कळते, आणि आपला शब्द कोठवर पोहोचेल याचा अंदाजही तेव्हाच बांधता येतो.