घरातले निराळे मूल

(सातारा व सांगली जिल्ह्यांतील नवदीक्षित बौद्ध कुटुंबांपुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)

धम्म स्वीकारल्यावर आपण घरातला देव्हारा काढला, गंडे-दोरे तोडले, नवस-सायास सोडले. परंतु एक जुनी गोष्ट पुष्कळ घरांतून अद्याप गेलेली नाही. एखादे मूल तीन वर्षांचे होऊनही बोलत नाही, हाक मारली तर वळून पाहत नाही, एकच चाक तासन् तास फिरवीत बसते. दुसरे दहा वर्षांचे होऊनही अक्षरे उलटसुलट लिहिते. तिसऱ्याला एका जागी क्षणभर बसवत नाही. अशा वेळी आपल्या तोंडून जुनेच शब्द निघतात : 'येडं आहे', 'बाहेरचं काहीतरी लागलंय', 'मागल्या जन्मीचं पाप', 'आईनंच लाडावून ठेवलं'. या शब्दांविषयी मला आज आपणांशी बोलावयाचे आहे.

प्रथम पापाची गोष्ट घेऊ. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या धम्मग्रंथात बाबासाहेबांनी गतजन्मीच्या कर्माचा सिद्धांत तपासला आणि नाकारला. माणसाच्या दुःखाचे खापर त्याच्याच मागल्या जन्मावर फोडले की समाजाची व राज्याची जबाबदारी आपोआप टळते, हे त्यांनी दाखवून दिले. आमच्या अस्पृश्यतेलाही असेच पूर्वकर्म म्हणत. ते आपण मानले नाही. मग तेच पूर्वकर्म आपण आपल्याच लेकराच्या माथी कसे मारतो?

ही मुले पापी नसतात आणि त्यांना भूतही लागलेले नसते. त्यांच्या मेंदूची घडणच निराळी असते. ज्याला बोलणे, नजर मिळविणे, माणसांत मिसळणे अवघड जाते, आवाज व गर्दी सोसत नाही, त्याच्या स्थितीस स्वमग्नता म्हणतात. बुद्धी चांगली असूनही वाचन-लेखन किंवा गणित जमत नाही, ती अध्ययन अक्षमता. स्वमग्नतेचे वर्णन १९४३ साली अमेरिकेत डॉ. लिओ कॅनर यांनी अकरा मुलांवरून केले. त्यानंतर कित्येक वर्षे आईच्या कोरड्या वागणुकीवर ठपका ठेवला जात असे. पुढील संशोधनाने तो खोटा ठरविला. आईच्या लाडाने स्वमग्नता येत नाही, धाकानेही येत नाही, लसीनेही येत नाही. तेव्हा अशा मुलासाठी सुनेला बोल लावणाऱ्यांनी तो बोल आजच मागे घ्यावा.

साताऱ्याच्या शाळेत बालपणी बाबासाहेबांना वर्गाच्या कोपऱ्यात, वेगळ्या गोणपाटावर बसावे लागे. ते गोणपाट त्यांनी संध्याकाळी घरी न्यावे आणि सकाळी परत आणावे, असा नियम होता. त्या मुलात काय आहे हे पाहण्याआधीच त्याची जागा ठरून गेली होती. आपल्या घरी पाहुणे आले म्हणजे निराळ्या मुलाला आतल्या खोलीत बसवितात, लग्नकार्यात घरी ठेवून जातात. ते गोणपाट आता आपणच अंथरीत आहोत काय, याचा प्रत्येकाने विचार करावा.

आपल्या परंपरेत याचे उत्तर आहे. धम्मपदाच्या अट्ठकथेत चुल्लपंथक नावाच्या भिक्खूची कथा येते. चार महिने खपूनही त्याला एक गाथा पाठ होईना. त्याचा थोरला भाऊ महापंथक हाही भिक्खूच होता. त्यानेच 'तू येथे उपयोगाचा नाहीस' म्हणून त्याला विहारातून जाण्यास सांगितले. जीवकाच्या घरच्या भोजनाला जाणाऱ्या भिक्खूंत त्याची गणनाही केली नाही. पहाटे रडत निघालेल्या चुल्लपंथकाला बुद्धांनी थांबविले. त्यांनी त्याला पुन्हा गाथा पाठ करावयास लावली नाही. एक स्वच्छ वस्त्र हाती दिले आणि 'रजोहरणं' एवढा एकच शब्द म्हणत ते चोळीत बसण्यास सांगितले. चोळता चोळता वस्त्र मळले, आणि मळ म्हणजे काय हे त्याला उमगले. जे पाठांतराने झाले नाही ते हाताच्या कामाने झाले, आणि तो अर्हत झाला. तिकडे जीवकाच्या घरी बुद्धांनी पात्रावर हात ठेवला आणि विहारात एक भिक्खू उरला आहे, त्याला बोलवा, असे सांगितले. ही कथा चमत्काराची म्हणून ऐकू नका, शिक्षणाची म्हणून ऐका. भावाने शिष्यात दोष पाहिला. बुद्धांनी शिकविण्याची रीत बदलली.

आपल्या पाचगणीच्या न्यू एरा शाळेत ज्याचे चित्रण झाले, त्या 'तारे जमीन पर' या २००७ सालच्या चित्रपटाचा विषय तोच आहे. आळशी ठरविलेल्या मुलाला अक्षरे का जमत नाहीत, हे एक शिक्षक ओळखतो. चित्रपट पाहून आपण डोळे पुसतो आणि घरी येऊन मुलाच्या पाठीत धपाटा घालतो, असे होऊ नये.

मग करावयाचे काय? बोलताना वाक्य लहान असावे आणि एका वेळी एकच काम सांगावे. आज कोठे जायचे, कोण येणार, हे आधी सांगावे; चित्र दाखवून सांगितले तर अधिक बरे. 'माझ्याकडे बघ' म्हणून हनुवटी धरू नये. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत मूल कान झाकून ओरडू लागले तर ते हट्ट करीत नाही, त्याला वेदना होत आहे, हे ओळखून शांत जागी न्यावे. विहारात वंदनेच्या वेळी ते डोलले, फिरले, तर कोणी डोळे वटारू नयेत. त्याच्या आईला आठवड्यातून दोन तास मोकळीक मिळेल अशी पाळी शेजारणींनी लावून घ्यावी. आणि मुलगा किंवा मुलगी मोठी झाल्यावर 'लग्न केलं की सुधारेल' म्हणून सत्य लपवून कोणाच्या गळ्यात बांधू नये. त्याने दोन जिवांची हानी होते.

देवऋषाकडे जाणाऱ्यांस एवढेच सांगतो. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर ज्या कायद्यासाठी झटले, तो त्यांच्या हत्येनंतर त्याच वर्षी, २०१३ साली झाला. भूत काढण्याच्या नावाखाली बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे यास त्यात सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आहे. मंदबुद्धी माणसात दैवी शक्ती आहे असे सांगून त्याच्यावर धंदा करणे हाही त्यात गुन्हा आहे.

जावयाचे ते सरकारी रुग्णालयात. अंगणवाडीत व शाळेत मुलांची तपासणी करणारे वैद्यकीय पथक येते. त्या दिवशी मुलाला घरी लपवून ठेवू नका. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ या कायद्याने एकवीस प्रकारची दिव्यांगता मानली असून स्वमग्नता, अध्ययन अक्षमता व बौद्धिक अक्षमता त्यांत आहेत. चाळीस टक्के किंवा अधिक दिव्यांगता असलेल्या मुलास सहा ते अठरा वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. अध्ययन अक्षम मुलांस परीक्षेत सवलती देण्यास महाराष्ट्राने १९९६ सालीच आरंभ केला. जादा वेळ मागणे म्हणजे भीक मागणे नव्हे. याच २०१६ च्या कायद्याच्या कलम ९२ अन्वये दिव्यांग व्यक्तीचा चारचौघांत हेतुपुरस्सर अपमान करणे हा गुन्हा असून सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात आपल्या मानाचे रक्षण ज्या शब्दांत केले आहे, जवळजवळ त्याच शब्दांत या मुलांच्या मानाचेही केले आहे.

बंधूंनो आणि भगिनींनो, जन्मावरून माणसाची किंमत ठरविणाऱ्यांशी आपण झगडलो. ती लढाई आपल्या उंबरठ्याच्या आतही लढावयाची आहे. घरातल्या त्या मुलाला आज रात्री पंगतीत आपल्या शेजारी बसवा. ते काय बोलत नाही हे मोजण्याआधी ते काय सांगू पाहते आहे, याकडे लक्ष द्या.

जय भीम!